गिटार न येणारा गिटारवाला : लिओ फेंडर

गॅदरिंग महिन्यावर आलं की कॉलेजात आपोआप बँड जन्माला येतात. आमचाही तसाच आला. दोन गिटार, एक ड्रमर, बेसवर मी, आणि गाणारे म्हणाल तर मेसच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण! प्रॅक्टिसला रूम मिळाली, ड्रमसेट भाड्याने मिळाला, पण गिटार काही ऐकू येईना. ड्रमरने पहिली काठी मारली की दोन्ही गिटारवाले नुसते हात हलवताना दिसायचे. मग वर्गणी निघाली. जमलेल्या पैशांत व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर येणं शक्यच नव्हतं, म्हणजे सॉलिड स्टेट घ्यायचा हे ठरलं. इथवर एकमत. भांडण पुढे सुरू झालं.

तेवढ्याच पैशांत दोन पर्याय होते. एक नवा, लहानसा, दहा वॅटचा. पण समोरच्या जाळीवर फेंडर असं झोकात लिहिलेलं. दुसरा वापरलेला, मोठा, पन्नास वॅटचा, बारा इंची स्पीकरचा. पण त्याचं नाव आमच्यापैकी कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. अर्धा बँड इकडे, अर्धा तिकडे. प्रकरण इतकं वाढलं की आमचा ड्रमर दोन दिवस कोणाशी बोलला नाही, आणि त्याला तर अ‍ॅम्प लागणारही नव्हता! शेवटी मी ठरवलं, ज्या नावासाठी एवढं चाललंय तो माणूस तरी कोण होता ते आधी बघावं. वाचत गेले, आणि आमचं भांडण त्या माणसानेच मिटवलं. कसं, ते शेवटी सांगते. आधी त्याची गोष्ट.

पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर. सगळे लिओ म्हणायचे. जन्म १० ऑगस्ट १९०९, अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात. आई-वडिलांची संत्र्याची बाग होती, म्हणजे आपल्या नागपूर-अमरावतीकडच्या एखाद्या बागायतदाराचं घर डोळ्यांसमोर आणा. जन्म झाला तोही शेतावरच्या कोठारात. लहानपणीच आजारपणात त्याचा एक डोळा गेला. आयुष्यभर काचेचा डोळा लावून तो जगला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जावं लागलं नाही ते त्यामुळेच.

जॉन वेस्ट नावाचे त्याचे एक अंकल होते (इंग्रजीची हीच गंमत, काका की मामा ते शेवटपर्यंत कळत नाही). त्यांचं गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना त्यांनी त्याला एक खोकं पाठवलं. त्यात रेडिओचे सुटे भाग आणि एक बॅटरी होती. नंतर लिओ त्यांच्या दुकानी गेला तेव्हा त्याने तिथे सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ पाहिला. त्यातून येणारा मोठ्ठा आवाज त्याच्या डोक्यात कायमचा बसला. शाळेत असतानाच तो घरी रेडिओ दुरुस्त करू लागला.

आता इंजिनिअरिंगवाल्यांनी खुर्ची घट्ट धरावी. लिओ इलेक्ट्रॉनिक्स कुठल्याच कॉलेजात शिकला नाही. १९२८ मध्ये शाळा संपली आणि त्याने फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स घेतलं. आपल्या भाषेत, कॉमर्सवाला! नोकऱ्याही तशाच. एका बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत आधी माल पोचवायचं काम, मग तिथेच हिशेब लिहायचं. याच काळात गावातल्या एका बँडवाल्याने त्याच्याकडून नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकर बनवून घेतले. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की हिच्याशी लग्न झालं. पुढे कॅलिफोर्नियाच्या हायवे खात्यात अकाउंटंट, ती नोकरी गेल्यावर टायर कंपनीत अकाउंटंट, आणि तीही गेली. जागतिक मंदीचा काळ होता.

१९३८ मध्ये लिओने ६०० डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनला परत येऊन स्वतःचं दुकान टाकलं, फेंडर रेडिओ सर्व्हिस. तपकीर गल्लीत फिरताना एखाद्या बोळकांडीतल्या दुकानात सोल्डरिंगचा धूर, टेबलावर उघडे पडलेले रेडिओ आणि त्यात डोकं घातलेला माणूस दिसतो ना, तसंच काहीसं. लोक रेडिओ आणायचे, रेकॉर्ड प्लेअर आणायचे. लिओ लाउडस्पीकर भाड्यानेही द्यायचा. आणि हळूहळू वाजवणारे लोक आपले बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन यायला लागले.

लिओचं खरं शिक्षण इथे झालं असं मला वाटतं. वस्तू विकणाऱ्याला ती नवी असताना दिसते, दुरुस्त करणाऱ्याला ती मोडल्यावर दिसते. कुठला जॉइंट निसटतो, कुठली वायर तापते, बसमधून आणताना काय हलतं, वाजवणारा नॉब कसा पिळतो, हे सगळं त्याला शेकडो मोडक्या डब्यांनी शिकवलं. स्वतःचे अ‍ॅम्प बनवायची वेळ आली तेव्हा त्याने काही आगळंवेगळं सर्किट शोधून काढलं नाही. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तकांत जी सर्किटं छापायच्या, त्यांच्याच आधारावर त्याचे सुरुवातीचे अ‍ॅम्प उभे आहेत. फरक बांधणीत होता. सगळे भाग एका पट्टीवर ओळीने मांडलेले, मागची फळी काढली की हात आत जाईल असे. कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचा तक्ता डब्याच्या आतच चिकटवलेला. म्हणजे गावोगावच्या कुठल्याही रेडिओवाल्याला तो दुरुस्त करता यावा.

दुकानात ओळख झालेला क्लेटन कॉफमन, ज्याला सगळे डॉक म्हणत, हा त्याचा पहिला भागीदार. दोघांनी १९४५ मध्ये के अँड एफ नावाची कंपनी काढली. मांडीवर आडवी ठेवून धातूच्या सळीने वाजवायची हवाईयन गिटार आणि तिच्या जोडीला छोटा अ‍ॅम्प, असा संच ते विकायचे. (हवाईयन गिटार आपल्याकडेही खूप गाजली. व्हॅन शिपलींनी तिच्यावर वाजवलेली हिंदी गाणी घरातल्या आजी-आजोबांना नक्की आठवत असतील.) डॉकला धंद्यातलं कर्ज झेपेना, १९४६ मध्ये तो बाजूला झाला. लिओने कंपनीला आपलं आडनाव दिलं. एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करत होती, आणि तंगीच्या त्या दिवसांत तिच्या पगाराचा मोठाच आधार होता.

१९५० मध्ये लिओने सपाट, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की ती अ‍ॅम्पसमोर किंचाळायला लागते, भरीव लाकडात तो त्रास खूपच कमी. आणि गिटारचा दांडा चार स्क्रूंनी बसवलेला. दांडा वाकला? स्क्रू काढा, दुसरा बसवा. गिटार बनवणारे जुने कारागीर या प्रकाराला हसले असतील, पण हा कारागिराचा नाहीच, रेडिओ मेकॅनिकचा विचार होता. तिचं पहिलं नाव ब्रॉडकास्टर. पण ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम आधीपासून बाजारात होते, त्यांनी हरकत घेतली, आणि १९५१ मध्ये तिचं नाव टेलिकास्टर झालं. त्याच वर्षी प्रिसिजन बेस आला. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढं उभं वाद्य, आणायला टेम्पो हवा आणि आणूनही ऐकू येत नाही! लिओने त्याची गिटार केली आणि पट्ट्या बसवल्या, म्हणजे सूर बरोब्बर जागी सापडतो, म्हणून नाव प्रिसिजन. मी बेस वाजवते, त्यामुळे या एका कामासाठी मी त्याला रोज मनात नमस्कार करते. १९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. तिचं चित्र न पाहिलेला माणूस आपल्या होस्टेलमध्ये तरी नसेल.

आणि एवढं सगळं करणाऱ्या या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती! साधी सुरात लावताही यायची नाही. मग त्याला कळायचं कसं? तो विचारायचा. नवा अ‍ॅम्प तयार झाला की वाजवणाऱ्यांच्या हाती द्यायचा, ते वाजवत असतील तिथे जाऊन बसायचा, त्रास काय होतो ते ऐकायचा आणि परत येऊन तेवढं बदलायचा. स्वतःला येत नाही हे ठाऊक असल्यामुळे त्याने कधी स्वतःच्या कानावर मिजास केली नाही. व्हायव्हामध्ये उत्तर येत नसताना आपण काय करतो ते आठवा, म्हणजे हे किती अवघड आहे ते कळेल.

यातल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली डिक डेलची. समुद्रावरच्या लाटांसारखी गिटार वाजवणारा हा पोरगा इतक्या जोरात वाजवायचा की लिओने दिलेले अ‍ॅम्प आणि स्पीकर एकामागून एक जळायला लागले. चाळीसच्या वर जळाले म्हणतात. दुसऱ्या कोणी पोराला हाकलून दिलं असतं. लिओ आपला सहकारी फ्रेडी टवारेस याला घेऊन थेट त्याच्या कार्यक्रमाला गेला. हजारोंच्या गर्दीत उभं राहिल्यावर त्याला कळलं की हा मुलगा चुकत नाहीये, आपला अ‍ॅम्प कमी पडतोय. माणसांनी भरलेला हॉल आवाज खाऊन टाकतो. त्यातून जास्त ताकदीचा शोमन अ‍ॅम्प आला आणि त्याला दणकट पंधरा इंची स्पीकर लागला.

दुसरी गोष्ट बासमनची. हा अ‍ॅम्प १९५२ मध्ये नव्या बेस गिटारसाठी काढलेला. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर आले, आणि गिटारवाल्यांच्या लक्षात आलं की आपली गिटार यात झकास वाजते. लंडनमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रम शिकवणाऱ्या गृहस्थाच्या दुकानात १९६२-६३ च्या सुमारास याच बासमनवरून एक अ‍ॅम्प बेतला गेला. तोच पहिला मार्शल. म्हणजे रॉकवाले ज्या दोन नावांवरून रात्र-रात्र वाद घालतात त्यांचं मूळ सर्किट जवळजवळ एकच! नावावर जाऊ नये याचा पहिला धडा मला इथे मिळाला.

आता गोष्टीतला वाईट भाग. १९५० चं दशक संपता-संपता लिओ आजारी राहू लागला. सायनसचं जुनं इन्फेक्शन काही केल्या बरं होईना. आपण फार दिवस काढणार नाही अशी त्याची खात्री झाली. कारखाना वाढत चाललेला, अंगात ताकद नाही, म्हणून जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएस या बड्या कंपनीला विकून टाकली. किंमत १ कोटी ३० लाख डॉलर. उसन्या ६०० डॉलरपासून सत्तावीस वर्षांत इथवर! पण त्या सौद्यात कारखान्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, त्याचं नाव. फेंडर हे आडनाव आता गिटारवर किंवा अ‍ॅम्पवर त्याला स्वतःला लावता येणार नव्हतं.

आणि मग एका नव्या डॉक्टरच्या औषधाने तो ठणठणीत बरा झाला. वय छप्पन्नच्या आसपास. पुढे आणखी पंचवीस वर्षं तो जगला.

इथे आपल्या सॉलिड स्टेटचा प्रवेश होतो. बेल लॅबमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांना १९५६ चं नोबेल मिळालं, हे आपण पहिल्या वर्षाला पाठ केलेलं असतं. व्हॉल्व्हला तापायला वेळ लागतो, शेकडो व्होल्ट लागतात, आउटपुटला जडशीळ ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो काचेचा असल्याने आपटला की गेला. ट्रान्झिस्टरला यातलं काहीच नको. हलका, स्वस्त, लगेच चालू. साठच्या दशकात सगळ्यांना वाटलं, व्हॉल्व्ह आता संपला. सीबीएसनेही १९६६ मध्ये फेंडर नावाने सॉलिड स्टेट अ‍ॅम्प काढले, दिसायला चकचकीत, अगदी रॉकेट युगातले. पण ते तापायचे, बंद पडायचे, आणि जोरात वाजवलं की कानाला टोचायचे. लिओबरोबर अनेक वर्षं कारखाना सांभाळलेला फॉरेस्ट व्हाइट या अ‍ॅम्पना मान्यता द्यायला तयार नव्हता, त्याने कंपनीच सोडली. काही वर्षांत ते अ‍ॅम्प बंद झाले, आणि सॉलिड स्टेट म्हणजे भंगार असा एक शिक्का मात्र कायमचा बसला.

हा शिक्का कितपत खरा, हे आपण इंजिनिअर लोकांनी जरा तपासायला हवं. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की तो वेव्हचा माथा हळूहळू दाबतो, गोल करतो. कानाला ते गोड लागतं. ट्रान्झिस्टरचं सर्किट मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ चालतं आणि मर्यादा आली की माथा सुरीने कापल्यासारखा सपाट करतं. ते टोचतं. म्हणजे ट्रान्झिस्टर वाईट नाही, त्याच्याकडून काम वेगळ्या पद्धतीने करून घ्यावं लागतं. त्याला मर्यादेपर्यंत न्यायचंच नाही, ताकद राखून ठेवायची. जपानच्या रोलंड कंपनीने १९७५ मध्ये असाच एक सॉलिड स्टेट अ‍ॅम्प काढला, जॅझ कोरस १२०. साठ-साठ वॅटचे दोन भाग, बारा इंची दोन स्पीकर, स्वच्छ आवाज. त्याला आजही जगभर मान आहे. व्हॉल्व्हची नक्कल करायच्या भानगडीत तो पडलाच नाही.

आणि खुद्द लिओने काय केलं? करारामुळे काही वर्षं त्याला गप्प बसावं लागलं. मग फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर या जुन्या सहकाऱ्यांनी काढलेल्या, पुढे म्युझिक मॅन नाव घेतलेल्या कंपनीत तो आधी पडद्यामागून आणि १९७५ मध्ये उघडपणे अध्यक्ष म्हणून आला. या कंपनीचे अ‍ॅम्प गंमतशीर होते. पुढचा भाग सॉलिड स्टेट, शेवटचा पॉवरचा भाग व्हॉल्व्हचा. जिथे जे चांगलं चालतं तिथे ते! १९७६ मध्ये त्यांचा स्टिंगरे बेस आला, त्याच्या पोटातच बॅटरीवर चालणारं छोटं सॉलिड स्टेट सर्किट. ज्याच्या नावाखाली निघालेल्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पची एवढी बदनामी झाली, त्याच माणसाची ट्रान्झिस्टरशी काही दुश्मनी नव्हती.

पुढे तिथेही बिनसलं. १९८० च्या सुमारास जुना मित्र जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर त्याने आणखी एक कंपनी काढली, जी अँड एल, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. एस्थर १९७९ मध्ये कॅन्सरने गेली होती. १९८० मध्ये त्याने फिलिसशी लग्न केलं. पुढे पार्किन्सनने हात थरथरायला लागले, तरी लिओ रोज आपल्या टेबलाशी येऊन बसायचा. कोट्यवधी डॉलर बँकेत असलेला हा माणूस म्हातारपणी पिकअपची तारांची वेटोळी मोजत बसला होता, स्वतःचीच पन्नाशीतली कामं सुधारत, दुसऱ्या नावाखाली. मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत तो काम करत होता असं सांगतात. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला. त्याचं टेबल, त्यावरची हत्यारं होती तशीच पुढे जपून ठेवली गेली.

मधल्या काळात विकलेल्या नावाचं काय झालं? सीबीएसच्या काळात गिटारवाले लोक १९६५ च्या आधीचं फेंडर शोधायला लागले. जाळीवर तेच नाव, तीच अक्षरं, पण माणूस नसल्याचं हाताला आणि कानाला कळत होतं. शेवटी १९८५ मध्ये कंपनीतल्याच लोकांनी जमून ती सीबीएसकडून १ कोटी २५ लाखांना विकत घेतली. वीस वर्षांनी, महागाई वाढलेली असताना, मूळ किमतीपेक्षाही कमी! त्यानंतर गाडी पुन्हा रुळावर आली, पण तो वेगळा विषय.

आता आमचं भांडण. एवढं वाचल्यावर मला वाटलं, लिओ आमच्या जागी असता तर त्याने काय केलं असतं? वादावादी नक्कीच नाही. त्याने दोन्ही डबे वाजवणाऱ्याच्या हाती दिले असते आणि स्वतः कोपऱ्यात उभा राहिला असता. मग आम्हीही तेच केलं. एका रविवारी वाघोलीहून बसने निघालो, दोन्ही गिटार बरोबर, आणि ड्रमरला त्याचा स्नेअर घ्यायला लावला. वाघेश्वराच्या देवळापासून पुढे नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तो स्नेअर मांडीवर घेऊन बसला होता, आणि सगळी बस त्याच्याकडे बघत होती!

दुकानदार भला माणूस होता. दोन्ही अ‍ॅम्प शेजारी ठेवले. मी माझी ओढणी दोन्हींच्या तोंडावर टाकली, नावं झाकली, सगळ्यांना पाठ करून उभं केलं. आधी नुसती गिटार, मग ड्रमरसकट. निकाल दोन मिनिटांत लागला. नुसत्या गिटारला लहान अ‍ॅम्प जास्त गोड वाटला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रूमवर एकट्याने सराव करायला तो छानच. पण स्नेअर सुरू झाल्यावर दहा वॅट, मग ते कुठल्याही कंपनीचे असोत, पुरत नाहीत. ओढणी काढायच्या आधीच सगळ्यांनी मोठ्याकडे बोट दाखवलं होतं.

ज्यांना पुढे कधी बँडसाठी असा अ‍ॅम्प घ्यायचा असेल त्यांच्यासाठी आमचं शहाणपण थोडक्यात देते.

वॅटच्या आकड्याला भुलू नका, पण त्याच्याकडे दुर्लक्षही करू नका. पॉवर दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा पट पॉवर लागते. त्यामुळे वीस की तीस वॅट यावर भांडण्यात अर्थ नाही. ड्रमसमोर वाजवायचं तर सॉलिड स्टेटमध्ये साधारण चाळीस ते साठ वॅट आणि बारा इंची स्पीकर बघा. व्हॉल्व्हचा पंधरा वॅट पुरतो म्हणून सॉलिड स्टेटचाही पुरेल असं नाही, कारण व्हॉल्व्ह मर्यादेबाहेरही गोड वाजतो आणि ट्रान्झिस्टरला आत ठेवावं लागतं.

स्पीकरकडे नीट बघा. त्याची सेन्सिटिव्हिटी ६ डेसिबलने जास्त असेल तर चौपट पॉवर फुकटात मिळाल्यासारखं आहे. शंभर प्रकारचे इफेक्ट्स असलेल्या डब्यापेक्षा चांगल्या स्पीकरचा साधा डबा बँडमध्ये जास्त कामाला येतो.

दुकानात जाताना आपलीच गिटार न्या. आवाज बंद ठेवून नुसती घरघर ऐका. मग स्वच्छ चॅनेल तीन चतुर्थांशापर्यंत वाढवा, फाटतो का बघा. प्रत्येक नॉब फिरवा, जॅक हलवून बघा, मागची बाजू उघडून कोणाला दुरुस्त करता येईल का तेही विचारा. आमच्या डब्याचा व्हॉल्यूमचा नॉब खरखर करत होता. तेवढ्यावरून किंमत थोडी कमी झाली, आणि तपकीर गल्लीतून आणलेलं कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर खरखर गेली.

बेस गिटारच्या अ‍ॅम्पवर लावू नका. खालच्या सुरांना स्पीकरचा पडदा फार हलतो आणि फाटतो. उलटं मात्र चालतं, बासमनने ते दाखवलंच आहे. माझी बेस सध्या कॉलेजच्या लाउडस्पीकरवर चालते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. होस्टेलमध्ये एक्स्टेंशन बोर्डात प्लग बसत नाही म्हणून तिसरी पिन तोडायची वाईट सवय आपल्या सगळ्यांना आहे. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चॅसिसला, म्हणजे थेट अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ तुटलेला असताना आत काही बिघडलं, आणि गिटारवर हात ठेवून ओठ माइकला लागले, तर शॉक कुठून कुठे जाईल ते आपण सर्किट थिअरीत शिकलोय. एक टेस्टर जवळ ठेवा, तीन पिनांचा बोर्ड वापरा.

प्रॅक्टिस आता जोरात सुरू आहे. मुलींच्या होस्टेलची वेळ होते म्हणून मला शेवटचं गाणं अर्ध्यात सोडून पळावं लागतं, पण गेटपाशी पोचले तरी मागून गिटार ऐकू येते. आमच्या अ‍ॅम्पच्या जाळीवरची अक्षरं अर्धी निघाली आहेत, उरलेलीही निघतील. त्या जागी बँडचं नाव लिहायचं असं ठरलंय. पण ते नाव काय असावं यावरून आता पुन्हा भांडण सुरू आहे, आणि ड्रमर पुन्हा कोणाशी बोलत नाहीये.